पिंवळीं पानें

आमच्या वर्गाच्या खिडकींतील मनीप्लँटचीं खालचीं पानें पिंवळीं पडूं लागतांच आम्ही त्या वेलास दुप्पट पाणी घालूं लागलों. वेल अधिकच मलूल झाला. कुंडी उपडी करून पाहतों तों तळाचें भोंक बुजलेलें, मुळें काळीं व कुजकीं! मुळांनाहि हवा लागते. चिखलांत ती मिळत नाहीं, आणि कुजलेलें मूळ पाणी शोषीत नाहीं. म्हणजे भिजल्या कुंडींत वेल तहानेला! कुजका भाग छाटून, भोंक मोकळें करून, वाळूमिश्रित मातींत तो पुन्हां लाविला. आतां बोट दोन पेरें खुपसून माती कोरडी लागली तरच पाणी देतों. (कोंवळीं पानें पिंवळीं पण शिरा हिरव्या, असें असल्यास मात्र बहुधा लोहाची उणीव समजावी.) महिन्याभरांत शेंड्यास एक फिकट हिरवें पान उलगडलें, पिंवळीं पडलेलीं पुन्हां हिरवीं झालीं नाहींत, तीं होतहि नसतात.