विषुववृत्त : रेषेच्या पलीकडचं प्रतल

'विषुववृत्त म्हणजे काय?' असं विचारलं की मुलं घडाघडा सांगतात, "पृथ्वीच्या मधोमध असलेली काल्पनिक रेषा." गुण मिळतात, विषय संपतो. पण ही रेषा ज्या प्रतलाची कड आहे, ते प्रतल मुलांच्या डोळ्यांपुढे येतच नाही.

एक लिंबू घ्या. त्यातून काडी आरपार घाला; ती काडी म्हणजे अक्ष. काडीला काटकोनात, बरोबर मध्यावर पुठ्ठ्याची चकती बसवा. पुठ्ठा सालीला जिथे टेकतो ते विषुववृत्त, आणि पुठ्ठा म्हणजे विषुववृत्तीय प्रतल. ते लिंबाच्या आतूनही जातं आणि बाहेर आकाशातही पसरतं.

आता नागापूरच्या गच्च्यांवरच्या डिश बघायला सांगा. सगळ्यांची तोंडं दक्षिणेकडे, जरा आग्नेयेला. उपग्रह सरळ आपल्या डोक्यावरच का नाही ठेवला? प्रश्न चांगला आहे, घाईने उत्तर देऊ नका. उपग्रह पृथ्वीच्या केंद्राभोवती फिरतो, म्हणून त्याच्या कक्षेचं प्रतल केंद्रातूनच जायला हवं. नागापूर सुमारे १९° उत्तर अक्षांशावर. त्या अक्षवृत्ताचं प्रतल केंद्राच्या उत्तरेकडून जातं. अक्षवृत्तांपैकी केंद्रातून जाणारं प्रतल एकट्या विषुववृत्ताचं! म्हणून भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर, ३५,७८६ किमी उंचीवरच राहतात. डीडी फ्री डिशचा जीसॅट-१५ हा ९३.५° पूर्व रेखांशावर, म्हणजे आपल्या पूर्वेला आहे. आग्नेयेचं कारण हेच.

२१ मार्च किंवा २३ सप्टेंबरच्या सुमारास सूर्य या प्रतलात येतो. शाळेच्या मैदानात एक मीटरची काठी उभी रोवा. दर पंधरा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करा. खुणा जवळजवळ सरळ, पूर्व-पश्चिम रेषेत येतील. सर्वांत लहान सावली सुमारे ३५ सेंमी. ती बाराला नाही, साडेबाराच्या आसपास मिळते, कारण घड्याळ ८२.५° रेखांशाचं आणि आपण ७५° च्याही अलीकडे. (हा तासिकेचा घोळ आधीच मुख्याध्यापकांशी बोलून ठेवा.)

प्रत्येक ग्रहाचं असं प्रतल त्याच्या स्वतःच्या फिरण्यावरून ठरतं. शनीची कडी त्याच्या विषुववृत्तीय प्रतलातच आहेत. २३ मार्च २०२५ ला पृथ्वी त्या प्रतलातून गेली, तेव्हा कडी पृथ्वीच्या दिशेने नुसत्या कडेवर आली. युरेनसचा अक्ष तर सुमारे ९८° कललेला, त्यामुळे त्याचं प्रतल जवळजवळ उभंच.

आपला चंद्र मात्र पृथ्वीच्या विषुववृत्तीय प्रतलात फिरत नाही. त्याची कक्षा पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या कक्षेशी फक्त सुमारे ५° कललेली आहे. हा प्रश्न वरच्या वर्गातल्या मुलांना लिंबू हातात देऊनच विचारा.