परसबागेची पाक्षिक सभा : एक अभ्यासपाठ

खेड्यातील घराला पुढे अंगण असते व मागे परस असते. अंगण पाहुण्यांचे, तर परस घरच्या माणसांचे. मोरीचे पाणी ज्या बाजूस वाहते तेथे अळू व केळ, कुंपणावर वालाचा वेल, गोठ्याच्या छपरावर भोपळा आणि दाराशी कढीलिंब, अशी मांडणी अनेक पिढ्या चालत आली. हे ज्ञान कोणत्याही क्रमिक पुस्तकात नव्हते. एका परसातील बी शेजारच्या परसात जाई व त्याबरोबर ते कसे लावावे याची माहितीही जाई. विहिरीवर, ओट्यावर, जात्याशी जी बोलणी होत, त्यांत परसाची बोलणी पुष्कळ असत.

आता पुष्कळ घरांचा परस फरशीखाली गेला आहे, तर काही घरांत तो आहे पण मोकळा पडला आहे. भाजी आठवडे बाजारातून येते व बी पाकिटातून येते. अशा वेळी परसाचे ज्ञान मुलांपर्यंत पोचविण्याचे काम शाळेने पत्करावे, हे योग्यच होय. 1937 साली वर्धा येथे मांडल्या गेलेल्या मूलोद्योगी शिक्षणाच्या विचारात हाताचे काम व डोक्याचे काम यांची जोड घालण्यावर भर होता. शालेय पोषण आहाराच्या योजनेतही शाळेच्या आवारात परसबाग असावी असे अपेक्षित आहे. परंतु शाळेतील एक वाफा चाळीस मुलांच्या वाट्यास कितीसा येणार? म्हणून प्रत्येक मुलाने आपल्या घरी थोडे लावावे, त्याची नोंद ठेवावी व दर पंधरा दिवसांनी वर्गात येऊन ती सांगावी, अशी योजना येथे सुचविली आहे. तीस ‘पाक्षिक सभा’ असे नाव द्यावे.

1. हंगामाची मांडणी

वर्षाचे तीन भाग पाडावेत. मृग नक्षत्रापासून भेंडी, गवार, काकडी, दोडका, कारले, भोपळा व वाल लावता येतात. हस्ताचा पाऊस ओसरल्यावर मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर, गाजर व वाटाणा यांचे दिवस येतात. उन्हाळ्यात जेथे पाणी आहे तेथेच राजगिरा, गवार अशी थोडी लागवड करावी. जेथे पिण्याच्या पाण्यासाठी हंडे घेऊन दूर जावे लागते तेथे उन्हाळी लागवडीचा आग्रह मुळीच धरू नये.

पहिल्या खेपेस लवकर हाती येणारे पीक निवडावे. मेथी साधारणतः 25 ते 30 दिवसांत उपटण्याजोगी होते. मुळ्यास व कोथिंबिरीस सुमारे 40 ते 45 दिवस लागतात. भेंडीचा पहिला तोडा दीड-दोन महिन्यांनी येतो. लहान मुलाचा धीर एक महिन्याहून अधिक टिकत नाही. पहिली जुडी घरच्या भाजीत पडली की पुढचा धीर आपोआप येतो.

2. नोंदवही

नोंदवहीत पाच रकाने पुरेत : तारीख, काय केले, काय दिसले, किती पाणी दिले, काय हाती आले. ‘काय दिसले’ हा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. ‘रोप चांगले आहे’ अशी नोंद निरुपयोगी होय. ‘चौथे पान आले, खालच्या पानाच्या पाठीवर हिरवा मावा आहे, मुंग्या चढत आहेत’ ही नोंद खरी. पाहणे व लिहिणे यांची सवय हीच येथे भाषेची व विज्ञानाची शिकवण आहे.

गणितही या वहीतून निघते. ओल्या फडक्यात 20 बिया बांधून ठेवल्या व त्यांपैकी 15 उगवल्या, तर उगवण शेकडा 75 झाली. मग 12 रोपे हवी असल्यास किती बिया टाकाव्यात? 12 भागिले 75 गुणिले 100, म्हणजे 16. रोज 15 लिटरच्या दोन बादल्या धुणीभांड्याचे पाणी परसात गेले, तर 30 दिवसांत 900 लिटर पाण्याचा उपयोग झाला. हा आकडा मुलाने घरी सांगितला म्हणजे मोरीच्या पाण्याकडे पाहण्याची घराची दृष्टी बदलते. हे पाणी अळू, केळ, कर्दळ यांस द्यावे. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाजीवर ते शिंपडू नये, हेही सांगावे.

3. सभेचा नमुना

दसऱ्यानंतरची एक सभा कल्पून पाहू. मुले गोलाकार बसली आहेत. एक मुलगा खाली मान घालून म्हणतो, “गुरुजी, माझे काहीच उगवले नाही. पंधरा दिवस झाले.” त्याने धने पेरले होते. वर्गात हसू उमटते. शिक्षकाची खरी परीक्षा या क्षणी असते. “नीट पेरले नसशील” एवढे बोलून शिक्षक पुढे वळले, तर पुढील सभेस तो मुलगा खोटी नोंद घेऊन येईल, आणि त्याच्यामागून आणखी चौघे आणतील.

शिक्षकांनी विचारावे, “जेथे पेरलेस तेथे बोटाने माती उकरून पाहिलीस का? धने कसे दिसतात?” त्याला ते ठाऊक नसते. उद्या पाहून येण्यास सांगावे. धने कोरडे व जसेच्या तसे असतील तर ओल पुरली नाही. कुजले असतील तर पाणी अधिक झाले. तेथे नसतीलच तर मुंग्यांनी नेले अथवा कोंबड्यांनी उकरले. तीन उत्तरे व तीन निराळे उपाय. मग एखादी मुलगी सांगते, “आजीने धने फळीखाली रगडून दोन-दोन दाळी केल्या, रात्रभर भिजवल्या आणि मग पेरल्या. माझे दहाव्या दिवशी आले.” धन्याच्या एका फळात दोन बिया असतात, हे त्या आजीच्या कृतीमागील कारण शिक्षकांनी एक धना फोडून दाखवावे. अशा प्रकारे रिकाम्या वाफ्याने सगळ्या वर्गास शिकविले. त्या मुलाचे आभार मानून सभा पुढे न्यावी.

दुसरा मुलगा म्हणतो, “भोपळ्याला फुले पुष्कळ, पण फळ धरत नाही. बारीक भोपळे पिवळे होऊन गळतात.” भोपळ्याच्या वेलावर नर व मादी फुले निरनिराळी असतात, मादी फुलाच्या देठाशी लहानसे फळ दिसते. मधमाशी आली नाही तर परागसिंचन होत नाही व ते फळ गळते. नर फूल तोडून त्यातील पराग मादी फुलावर हलकेच टेकवावा. लाल भोपळ्याचे पिवळे फूल सकाळी उमलते, तर दुधीचे पांढरे फूल सायंकाळी. त्यानुसार वेळ साधावी. पुस्तकातील परागसिंचनाचा धडा याच दिवशी उघडावा. तो एरवी चार तासांत कळत नाही, तो त्या दिवशी अर्ध्या तासात कळतो.

मावा, तुडतुडे यांची तक्रार आल्यास घरगुती उपाय द्यावा. निंबोळ्या वाळवून कुटाव्यात. 50 ग्रॅम भुकटी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी फडक्याने गाळावी, त्यात थोडे साबणाचे पाणी मिसळून सायंकाळी फवारावी. शेतीची विषारी औषधे मुलांच्या हाती कोणत्याही सबबीवर देऊ नयेत.

4. वालाचा वेल

परसाच्या सभेत काही प्रश्न असे येतात की त्यांचे उत्तर शेतीच्या पुस्तकात नसते. त्यांपैकी एक येथे मांडला आहे.

कोरडवाहू भागातील पुष्कळ कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीस जातात व उन्हाळा लागताना परततात. अशा कुटुंबातील एका मुलीने मृगात कुंपणाशी वाल टोकला, असे समजा. चार महिने तिने त्यास पाणी घातले, काठ्या रोवल्या, शेळीपासून राखले. वेल सारे कुंपण व्यापून गेला, पण एक फूल नाही. वालाच्या जुन्या वेली जाती दिवस लहान होऊ लागल्याशिवाय फुलत नाहीत. शेंगा धरतात त्या दिवाळीनंतर. ज्या आठवड्यात पहिला तुरा दिसतो, त्याच आठवड्यात घराला कुलूप लागते. शेवटच्या सभेत ती मुलगी आपली वही शिक्षकांपुढे ठेवते व विचारते, “बाई, आता यात कोण लिहिणार?”

या प्रश्नास शिक्षकांनी तयार असले पाहिजे. मुलीचे शिक्षण अखंड राहावे म्हणून गावात आजी अथवा इतर नातलग असल्यास तिला मागे ठेवण्याविषयी, किंवा हंगामी वसतिगृहाची सोय असल्यास तिचा लाभ घेण्याविषयी, पालकांशी वेळीच बोलावे. ते बोलणे दिवाळीच्या तोंडावर नव्हे, तर वेलास काठ्या रोवण्याच्या दिवसांतच व्हावे. तरीही ती गेलीच, तर वही बंद करू नये. वर्गातील एका मुलाने अथवा मुलीने वेलाची जबाबदारी घ्यावी व वहीत तिच्याच नावाखाली नोंद करीत राहावे. कोवळ्या शेंगा राखणाऱ्याच्या घरी जाव्यात. मात्र उत्तम अशा दहा-वीस शेंगा वेलावरच वाळू द्याव्यात, त्यांचे दाणे राखेत घालून बाटलीत ठेवावेत व बाटलीवर त्या मुलीचे नाव लिहावे. ती परत आल्यावर वही व बाटली दोन्ही तिच्या हाती द्यावीत. हजेरीपटावर पाच महिने रिकामे राहिलेले नाव सभेच्या वहीत मात्र चालूच होते, हे तिला दिसेल. मूल शाळेत परतते त्याची कारणे मोठीच असतात असे नाही.

5. बियाणे व त्याची देवघेव

संकरित बियाण्यापासून आलेल्या फळाचे बी पुढील वर्षी तसेच फळ देईल याची खात्री नसते. गावठी वाणाचे बी मात्र घरी धरता येते. वाल, मेथी, वाटाणा यांचे बी राखणे सोपे असते. भोपळा व काकडी यांच्यात मधमाश्यांमार्फत त्याच जातीच्या निरनिराळ्या वाणांची सरमिसळ होते, म्हणून ज्याचे बी धरावयाचे त्याचे दोन वाण जवळजवळ लावू नयेत. बी पूर्ण पक्व झाल्यावरच काढावे, सावलीत वाळवावे व कोरड्या राखेत साठवावे.

अहमदनगर जिल्ह्यातील (2024 पासून अहिल्यानगर) अकोले तालुक्यात कोंभाळणे हे गाव आहे. तेथील राहीबाई पोपेरे यांना शाळेत शिकण्याची संधी मिळाली नाही. पण त्यांनी वालासह अनेक गावठी वाणांचे बियाणे जमविले, जतन केले व इतरांस दिले. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. प्रत्येक गावात असे ज्ञान असणाऱ्या वृद्ध स्त्रिया असतात. वर्षातून दोनदा त्यांपैकी एखादीस सन्मानपूर्वक सभेस बोलवावे व मुलांनी तिची माहिती लिहून घ्यावी. ज्या आजीस आपली सही करता येत नाही तिचे बोलणे नात फळ्यावर लिहीत आहे, हा देखावा गावाच्या मनात शाळेविषयी जो आदर निर्माण करील तो भाषणांनी होणार नाही.

6. दक्षता

(अ) ज्या मुलाच्या घरी परस नाही त्यास वगळू नये. फुटका माठ, जुने घमेले, डबा यांतही मेथी येते. शाळेच्या आवारातील एक वाफा अशा मुलांच्या नावे ठेवावा.

(आ) पाणी घालणे हे काम मुलींकडेच जात असेल, तर ते सभेत मोकळेपणी बोलून वाटून द्यावे.

(इ) तपासणीच्या दिवसापुरती हिरवी केलेली बाग ही बाग नव्हे. वहीतील ‘वाळले’, ‘शेळीने खाल्ले’, ‘पाणी नव्हते’ या नोंदी खोडू नयेत. त्या प्रामाणिकपणाच्या खुणा होत.

(ई) हिरव्या पालेभाज्यांत लोह व अ-जीवनसत्त्वास उपयुक्त घटक असतात आणि लिंबाच्या रसाबरोबर लोह अधिक चांगले शोषले जाते, हे मुलांना सांगावे. पण कोणाच्या घरच्या ताटाविषयी चारचौघांत विचारणा करू नये.

परसबाग हा शाळेच्या कामावर पडलेला नवा भार नव्हे. भाषा, गणित, विज्ञान व आरोग्य हे विषय ज्या मातीतून सहज उगवतात अशी ती जागा आहे. शिक्षकांनी पहिली सभा भरविण्यापूर्वी स्वतःच्या घरी एक वाफा करावा व आपलीही वही मुलांपुढे वाचावी. तीत एखादे पीक वाया गेल्याची नोंद असेल, तर ती आधी वाचावी.

स्वाध्याय : (1) आपल्या गावात कोणकोणते गावठी वाण अद्याप लावले जातात, याची यादी मुलांकरवी करावी. (2) दिवाळीनंतर स्थलांतर करणाऱ्या मुलांची नावे श्रावणातच काढावीत व प्रत्येकाच्या रोपास राखणदार नेमावा. (3) पहिल्या चार सभांत मुलांनी विचारलेले व शिक्षकांस उत्तर न आलेले प्रश्न लिहून ठेवावेत आणि केंद्राच्या शिक्षण परिषदेत मांडावेत.