घरबसल्या भूशास्त्राची प्रात्यक्षिकं

प्रश्न : नोकरी सांभाळून दूरशिक्षणातून भूशास्त्र शिकतो आहे. ऐतिहासिक भूशास्त्राची प्रात्यक्षिकं प्रयोगशाळेविना कशी करावीत?
– एक वाचक, कराड

उत्तर : कराडला राहून प्रयोगशाळा नाही म्हणता? जवळच्या एखाद्या घाटात जा आणि रस्त्यासाठी कापलेला डोंगर नीट पाहा. काळ्या बेसॉल्टच्या दोन थरांमध्ये बऱ्याच ठिकाणी विटकरी रंगाचा, नखाने उकरता येणारा पट्टा दिसतो. त्याला ‘रेड बोल’ म्हणतात. खालचा लाव्हा थंड होऊन झिजला, त्यावर माती तयार झाली आणि मग वरचा लाव्हा येऊन पसरला. म्हणजे दोन उद्रेकांमध्ये बराच काळ गेला. टेपने जाडी मोजा, वहीत उभा छेद काढा, थरांना जुन्यापासून नव्यापर्यंत क्रमांक द्या. सगळे थर कापत जाणारी उभी भिंत, म्हणजे डाइक, दिसली तर ती त्या थरांहून नवी. दगडाच्या पोकळ्यांतले पांढरे जिओलाइटही लाव्ह्यानंतरचेच.

घरी अर्धायुष्याचा प्रयोग करा. 100 नाणी उधळा, छापा पडलेली बाजूला काढा, उरलेली पुन्हा उधळा आणि आलेख काढा. पोरखेळ वाटेल, पण किरणोत्सारी कालमापन यानेच डोक्यात बसतं.

जीवाश्म मात्र बेसॉल्टमध्ये शोधू नका. नागपूरजवळ टाकळीला लाव्ह्याच्या थरांमधल्या गाळात गोड्या पाण्यातले शंख सापडले, पण तुमच्यासाठी अभ्यासकेंद्रातले नमुनेच बरे. कापलेल्या कड्यावर हातोडी चालवू नका, खाली पडलेल्या दगडांवर भागतं.