रंगाचं शेवटी बघू

अगं, काल तुझा फोन आला तेव्हा दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, म्हणून नुसती हं हं करत राहिले. आज निवांत लिहिते. सासऱ्यांचा जुना शक्ती १८० डी ट्रॅक्टर गोठ्यामागून बाहेर काढायचा, दुरुस्त करायचा आणि त्यानेच घरापुढची हिरवळ कापायची, हा तुझा बेत मला मनापासून पटला. भंगारात घाल म्हणणारे म्हणू देत. खटकलं ते एवढंच, की तू म्हणालीस, "ताई, आधी झकास रंग मारून घेते, म्हणजे घरातल्यांना हुरूप येईल." रंगाचं नाव इतक्यात काढू नकोस, बाळा.

जुन्या यंत्राच्या अंगावरची घाण वाचायची असते. जिथे तेलकट काळा थर साचलाय आणि त्यावर धूळ बसलीय, तिथे सील गेलंय. जिथे पांढरट-हिरवट डाग ओघळलाय, तिथून पाणी झिरपतंय. रंग मारलास की या सगळ्या खुणा बुजल्या. शिवाय इंजिन नंबर आणि चेसिस नंबरही रंगाखाली गेले, तर आरटीओत उभी राहशील तेव्हा ते खरवडत बसावं लागेल. म्हणून आत्ता फक्त रॉकेल, तारेचा ब्रश आणि फडकं. तेही धुण्याआधी मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढून मगच. प्रत्येक पाइप, प्रत्येक वायर कुठून निघते आणि कुठे जाते, ते फोटोत दिसलं पाहिजे.

तुझ्याकडचं यंत्र चांगलं आहे, हे आधी मनात पक्कं कर. बंगळूरच्या व्हीएसटीने मित्सुबिशीच्या तंत्रावर काढलेला हा तीन सिलिंडरचा, साडेअठरा अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर. अंगाने अरुंद, म्हणून नाशिक-सांगलीच्या द्राक्षवाल्यांनी तो उचलून धरला. वेलींना धक्का न लावता दोन ओळींमधून निघून जातो. तुझ्या सासऱ्यांनी अंजिराच्या बागेसाठी तो घेतला, तोही त्याचसाठी. परदेशात गवत कापायचे बुटके ट्रॅक्टर वेगळे मिळतात, त्यांचे जुने नमुने हौसेने दुरुस्त करणारी माणसंही पुष्कळ. आपल्याकडे घरापुढे एवढी हिरवळ होती कुणाची? त्यातल्या त्यात जवळचं काही असेल, तर हा बागायती ट्रॅक्टरच.

आता कामाचं. तो चालू कसा होईल याची घाई तुला झाली असणार. पण आधी तो बंद कसा होतो ते बघ. पेट्रोलच्या गाडीची चावी फिरवली की ठिणगी थांबते आणि इंजिन थांबतं. डिझेल इंजिनाला ठिणगी लागतच नाही. डिझेल आणि हवा मिळत राहिली तर ते चालतच राहतं. ते थांबवायचं म्हणजे डिझेल तोडायचं. तेव्हा बंद करायचा दांडा ओढून बघ, पंपावरचा लिव्हर खरोखर शेवटपर्यंत सरकतो का. इतकी वर्षं उभ्या असलेल्या गाडीची केबल हमखास गंजलेली असते. आणि पहिल्यांदा चालू करशील तेव्हा हवा आत घेणाऱ्या तोंडावर गच्च बसेल अशी लाकडी फळी एका माणसाच्या हातात देऊन ठेव. इंजिन उधळलं आणि दांड्याला जुमानलं नाही, तर हवा कोंडली की ते मरतं. हाताने मात्र ते तोंड कुणी झाकायचं नाही.

स्टार्टर मारायच्या आधी क्रँकच्या पुलीच्या नटाला पाना लाव आणि इंजिन हाताने फिरतंय का पाहा. फिरलं तर निम्मी लढाई जिंकलीस. अडलं तर पान्याला पाइप लावून जोर करू नकोस, कुणाला करूही देऊ नकोस. हीटर प्लग काढायचे, त्या भोकांतून थोडं थोडं पातळ तेल सोडायचं आणि चार-आठ दिवस गाडीकडे बघायचंच नाही. तेल झिरपत रिंगांपर्यंत पोचायला वेळ लागतो. मग पुन्हा हलक्या हाताने पुढे-मागे. सुटलं, की प्लग काढलेलेच ठेवून एकदा स्टार्टरने फिरव, म्हणजे आत साचलेलं तेल बाहेर उडेल. प्लग लावून फिरवलंस तर ते तेल दाबलं जाणार नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकेल. भोकांसमोर तोंड धरून उभी राहू नकोस.

ऑइलची काडी ओढून बघ. तेल काळं असेल तर काळजी नाही, बदलायचंच आहे. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. मग हेड गॅस्केटपासून चौकशी करावी लागेल आणि ते काम गावातल्या अनुभवी फिटरकडे दे. डिझेलची टाकी पूर्ण रिकामी कर, तळाशी पाणी आणि चिकट गाळ बसलेला असतो. फिल्टर नवा. त्यानंतर एअर काढायची. फिल्टरवरचा एअर स्क्रू अर्धा आटा सैल कर. हातपंप असेल तर दाबत राहा, नसेल तर टाकीच्या उताराने डिझेल येऊ दे. आधी फेस येतो, मग तुटक बुडबुडे, मग सलग धार. सलग धार चालू असतानाच स्क्रू आवळायचा. थांबून आवळलास तर पुन्हा हवा ओढते. नोझल आणि पंप मात्र घरी उघडायचे नाहीत, ते टेस्टिंगच्या मशीनवरच गेले पाहिजेत. आणि चालू इंजिनात नोझलची गळती बोटाने चाचपायची नाही. त्या दाबाची बारीक धार कातडीतून आत घुसते, वरून फक्त टोचल्यासारखं दिसतं. तसं कधी झालंच, तर दुखत नाही म्हणून घरी बसू नका, तडक हॉस्पिटल गाठा.

आता माझ्या हद्दीतलं, वायरिंगचं. उंदरांनी वायरिंग खाल्लंय म्हणालीस, तर ते जोडजोड करून वापरू नकोस, पूर्ण हार्नेस नवा कर. तुझ्याकडचा वायरमन म्हणेल, घरातल्या फिटिंगची वायर उरलीय, तीच घालतो. त्याला नको म्हण. घरची वायर इंजिनची थरथर, उष्णता आणि तेल सोसायला केलेली नसते. गाडीची वायर बारीक तारांची, लवचीक असते. बारा व्होल्ट म्हणजे खेळणं, असंही समजू नकोस. घरात २३० व्होल्ट असतात, इथे १२. तेवढंच काम करायला करंट कितीतरी जास्त लागतो. स्टार्टर शंभरावर अँपिअर सहज ओढतो. म्हणून बॅटरीपासून स्टार्टरपर्यंतची केबल जाड हवी, तिला लग नीट पंच केलेले हवेत आणि अर्थिंग जिथे बॉडीला लागतं तिथला गंज घासून लोखंड चकचकीत दिसलं पाहिजे. पुष्कळदा नवी बॅटरी, नवा स्टार्टर घालूनही गाडी नुसती टक् करते आणि गप्प बसते, ते या एका गंजलेल्या अर्थिंगपायी. फ्यूज आहे तितक्याच अँपिअरचा. तिथे तारेचा तुकडा गुंडाळायचा नाही. बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह काढायची, बसवताना निगेटिव्ह शेवटी. उलटं केलंस आणि पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला, तर ठिणगी उडते, आणि बॅटरीतून निघणारा वायू पेट घेणारा असतो.

लग, स्लीव्ह, स्विच, इंडिकेटरचे दिवे हे सगळं पुण्यात आमच्या तापकीर गल्लीत मिळेल, बुधवार पेठेतून बाहेर पडायची गरज नाही. गाडीची वायर, बेअरिंग, सील, पट्टे यांसाठी नाना पेठेत जाऊ. नटबोल्ट आणि हत्यारं रविवार पेठेत, बोहरी आळीत. आणि जुन्या मापाचा पाना किंवा एखादा पुलर हवा असेल, तर बुधवारी नाहीतर रविवारी ये, त्या दिवशी जुना बाजार भरतो.

दुकानात एक होईल, ते आधीच सांगते. काउंटरवरचा माणूस तुझ्या मागे कोण पुरुष उभा आहे ते बघेल. चिडू नकोस, नंबर सांग. बेअरिंगवर ६२०४ असं कोरलेलं असेल, तर शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणायचं: चार पंचे वीस, म्हणजे आतलं भोक २० मिलिमीटरचं. ६२०५ असेल तर २५. ऑइल सीलवर तीन आकडे असतात, आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, त्याच क्रमाने. पट्ट्यावर बी-५० असेल तर बी ही रुंदीची जात आणि ५० म्हणजे आतली लांबी, इंचांत. एवढं तोंडपाठ असलं की पुढचं बोलणं तुझ्याशीच होतं. मी इतकी वर्षं गल्ल्यावर बसून हे पाहिलंय.

मला एक गोष्ट नेहमी आठवते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला १९०३ मध्ये, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली, आणि त्याच वाडीतून १९३० मध्ये 'स्त्री' मासिक सुरू झालं. नांगर ओतणाऱ्या वस्तीतूनच बायकांचं मासिक निघालं, ही जोडी मला फार प्रिय आहे. तू पाना हातात घेतेस त्यात काही जगावेगळं नाही गं.

आता गवत कापायचं. गवत कापायचं यंत्र पहिल्यांदा सुचलं ते इंग्लंडातल्या एडविन बडिंगला, १८३० मध्ये, कापड गिरणीत लोकरी कापडावरचे तंतू कातरणारा रूळ बघून. तसा रूळवाला मोअर अजूनही सर्वांत सुबक कापतो, पण त्याला सपाट, खडे वेचलेली जमीन लागते. तुझ्या माळावर मागे जोडायचा आडव्या पात्याचा मोअरच बरा. पात्याला धार लावलीस की मधल्या भोकात खिळा घालून ते भिंतीवर टांग. एक बाजू खाली गेली तर ती जड आहे, तिथून अजून घास. असमतोल पातं बेअरिंग खातं आणि सगळी गाडी थरथरवते. पहिल्या पावसानंतर गवत गुडघ्याला लागलं, तरी एकदम मुंडण करू नकोस. एका वेळी उंचीचा तिसरा हिस्सा, फार तर. जमीन ओली असताना तर ट्रॅक्टर हिरवळीवर घालूच नकोस. चाकांखाली माती दाबली जाते आणि पुढे तिथे गवत धरत नाही.

आणि हे नीट ऐक, बाकीचं विसरलीस तरी चालेल. मोअर फिरवणारा तो मागचा दांडा, पीटीओ, पूर्ण वेगात मिनिटाला पाचशेच्या वर फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला आठाहून जास्त. ओढणीचं टोक त्याला लागलं, तर तुला ओरडायलाही वेळ मिळत नाही. मळणी यंत्रात पदर, ओढणी, केस अडकून बायका गेल्याच्या बातम्या आपण वाचतो, नंतर हळहळतो. तू ट्रॅक्टरवर चढशील तेव्हा ओढणी घरात, वेणी वर बांधून टोपीखाली, बाह्या घट्ट, पायात बूट. साडी तर नाहीच. सासूबाई काही म्हणाल्या तर माझं नाव सांग. दांड्यावरचं प्लॅस्टिकचं आवरण तुटलेलं असेल, तर ते नवं बसल्याशिवाय पीटीओ जोडायचा नाही. गवत अडकलं म्हणून उतरलीस, तर आधी पीटीओ सोडायचा, इंजिन बंद, चावी खिशात, पातं थांबलेलं डोळ्यांनी पाहायचं, मग हात. नव्या यंत्रांत माणूस सीटवरून उठला की पातं थांबवणारा स्विच असतो. तुझ्या जुन्या गाडीला तो नाही, तेव्हा ही शिस्त तुलाच पाळायला हवी. मुलं अंगणात असतील तर कापणी नाही. पात्याखालून उडालेला खडा लांबवर जातो. मांडीवर पोराला घेऊन फेरी मारायची हौस नवऱ्यालाही करू देऊ नकोस.

तुमच्या पुरंदरात जमीन उताराची. उतारावर आडवी गाडी घालू नकोस, सरळ वर-खाली चालव आणि वळणं सपाटीवर घे. विहिरीकडचा तो तीव्र उतार हाताने कापून घ्या. ट्रॅक्टर तिथे उलटला तर वर आधाराची कमान नाही. ब्रेक दोन्ही बाजूंना सारखे लागतात का, हे हिरवळीवर न्यायच्या आधी मोकळ्या पटांगणात बघ.

कागदांचं राहिलं. आरसी बुकावर सासऱ्यांचंच नाव असेल, तर वारसाने नाव लावायला नमुना ३१ भरावा लागतो, मृत्यूचा दाखला जोडून. नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे नूतनीकरण करावं लागतं. आवाराबाहेर रस्त्यावर एकदा जरी गाडी आणायची असेल, तरी हे आणि विमा आधी.

रंग त्यानंतर. एक पूर्ण पावसाळा गाडी चालली, गळती कुठे नाही याची खात्री झाली, की रेड ऑक्साइड आणि मग वरचा हात. नंबराच्या पट्ट्यांवर चिकटपट्टी लावून.

येशील तेव्हा गाडी आणू नकोस, आमच्या इथे लावायला जागा नाही. स्वारगेटहून मेट्रोने मंडईला उतर, तिथून चालत ये. काढलेले सील आणि बेअरिंग पुसून, कागदात गुंडाळून आण, कुठला भाग कुठला ते त्यावर लिहून. नंबर पुसला गेला असेल तर फेकू नकोस, आपल्या दुकानात व्हर्नियर आहे, मापून घेऊ. स्टार्टर उतरवता आला तर तोही आण, पण तो जड आहे, भावजींना घेऊन ये.