घरभाडे घेताना आणि देताना



चौसाळा हे महामार्गावरचे गाव. रस्त्यालगतचा गाळा किंवा घरामागची खोली भाड्याने देऊन संसाराला हातभार लावणारे आपल्यात आहेत. मुलांच्या शिक्षणासाठी बीडला खोली घेणारेही आहेत. भाड्यावरून वाद झाला की एक वाक्य हमखास ऐकू येते, ‘त्याने कबूल केले होते ना?’ आज या वाक्याचा विचार करू या.

पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरूम नोव्हारूम’ हे परिपत्रक काढले. कामगाराने गरजेपोटी कमी मजुरी मान्य केली, एवढ्यावरून ती न्याय्य ठरत नाही, अशी शिकवण त्यांनी दिली. भाड्यालाही हेच लागू पडते. दुसऱ्याच्या अडचणीचा किंवा अज्ञानाचा फायदा घेऊन दर वाढवणे ‘चोरी करू नको’ या आज्ञेविरुद्ध आहे, मग कायदा आड येवो वा न येवो, असे ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ (क्र. २४०९) सांगतो.

आपल्या राज्याचा भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा. तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याआधी मराठवाड्यात १९५४ चा हैदराबाद राज्याचा कायदा होता. १९९९ चा कायदा त्याच्या यादीतील ठिकाणांनाच लागू होतो, प्रत्येक खेड्याला नाही. तरी त्यातील काही गोष्टी कुठेही शिकण्यासारख्या आहेत. करार लेखी असावा व त्याची नोंदणी व्हावी, आणि ही जबाबदारी मालकाची. भाड्याची पावती दिलीच पाहिजे. वर्षाला चार टक्के भाडेवाढ करता येते. दुरुस्ती मालकाने करावी. पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी मुदतीत ती केली नाही, तर भाडेकरू स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, मात्र वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. भाडेकरूने जागा सोडावी म्हणून वीज-पाणी तोडणे गुन्हा आहे.

खरी कसोटी लहान रकमांची असते. तीन खोल्यांना एकच वीजमीटर असला की एकूण युनिटे वरच्या टप्प्यात जातात आणि दर वाढतो. तो वाढीव खर्च वापराप्रमाणे वाटून घेणे योग्य; पण बिल न दाखवता मनाला येईल तो दर लावणे म्हणजे पिशवीत दोन वजने बाळगणे होय. अनुवादाच्या पंचविसाव्या अध्यायात परमेश्वराने त्याचीच मनाई केली आहे. उन्हाळ्यात टँकर विकत घ्यावा लागला, तर त्याची पावती सर्वांसमोर ठेवावी व माणशी हिशेब करावा.

ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाची खोली पाच-सहा महिने बंद राहते. तेव्हा भाडे पूर्ण की कमी, हे जाण्यापूर्वीच लिहून ठरवावे. भाडे थकले म्हणून कुलूप तोडून सामान बाहेर काढू नये. गहाण वस्तू घ्यायला आलेल्या सावकाराने कर्जदाराच्या घरात न शिरता बाहेरच उभे राहावे, असे अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात सांगितले आहे. गरिबाच्या उंबरठ्याचाही मान असतो.

भाडेकरूचेही कर्तव्य आहे. एखाद्या विधवा माउलीची चूल त्या भाड्यावरच पेटत असते. भाडे वेळेवर द्यावे, पाणी वाया घालवू नये, ठरल्या दिवशी जागा मोकळी करावी.

या आठवड्यात चिंतनासाठी :

१. आपल्या व्यवहाराचा कागद व पावती दोघांकडे आहे का?

२. घेतलेल्या प्रत्येक खर्चाचे बिल आपण दाखवू शकतो का?

३. समोरच्याला दुसरा पर्याय असता, तर त्याने हेच भाडे कबूल केले असते का?

तिसऱ्या प्रश्नाला मन कचरले, तर जक्कयाची आठवण ठेवू या. प्रभू येशू घरी येताच त्याने पैशांचा हिशेब सरळ केला, आणि त्याच दिवशी त्या घराला तारण लाभले.