मोटारसायकलीचा आरसा : निवड, जोडणी आणि वाचन



‘आरसा’ हा शब्द संस्कृत ‘आदर्श’ या शब्दापासून आला. आमच्या कोकणीत त्यालाच ‘आरसो’ म्हणतात. मागचे पाहण्यासाठी वाहनावर आरसा लावण्याचे प्रसिद्ध उदाहरण 1911 सालचे. अमेरिकेत इंडियानापोलिस येथील शर्यतीत रे हॅरून याने आपल्या मोटारीवर आरसा बसविला आणि ती शर्यत जिंकली.

आपले उकवा हे मँगनीजच्या खाणीचे गाव. बालाघाट-बैहर रस्त्यावर भरलेल्या ट्रकांपुढून मोटारसायकल चालविणाऱ्यास मागचे दिसणे अगत्याचे आहे. तथापि फुटलेला आरसा बदलताना पुष्कळजण हाती येईल तो लावतात. म्हणून या लहानशा कामाचा येथे विचार करू.

प्रथम निवड. पुष्कळशा मोटारसायकलींना 10 मिलिमीटर जाडीच्या दांडीचा आरसा लागतो, तर काही वाहनांना 8 मिलिमीटरचा. जुना आरसा दुकानात नेऊन आटे जुळवून पाहावे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. यामाहाच्या अनेक गाड्यांत उजव्या आरशाचे आटे उलटे असतात. समोरून धक्का बसल्यास आरसा आवळला न जाता सैल होऊन मागे फिरावा, हा त्यातील हेतू.

आता जोडणी. गाडी सपाट जागी मोठ्या स्टँडवर उभी करावी. दांडीच्या बुडाशी असलेले रबर वर सरकवून लॉकनट पान्याने सैल करावा. बहुधा 14 नंबरचा पाना लागतो. मग दांडी हाताने फिरवून काढावी. नव्या आरशाच्या आट्यांना किंचित ग्रीस लावून तो हातानेच बसवावा. एक-दोन फेऱ्यांत अडकला तर जोर करू नये. आटे वाकडे बसले असतील किंवा उलटे असतील. मुठीजवळचा धातू मऊ असतो व त्याचे आटे एकदा गेले की खर्च वाढतो. पुरेसे आटे आत गेल्यावर आरशाची दिशा धरून ठेवावी आणि लॉकनट आवळावा. शेवटी हँडल दोन्ही बाजूंस पूर्ण वळवून आरसा कोठे लागत नाही ना, ब्रेक व क्लच मोकळे चालतात ना, हे तपासावे.

आरसा नेहमीप्रमाणे आसनावर बसूनच जुळवावा. कडेला आपला खांदा किंवा कोपर थोडे दिसावे व उरलेल्या भागात मागचा रस्ता यावा.

राहिले वाचन. असे आरसे बहुधा बहिर्गोल असतात. त्यांत अधिक रुंद रस्ता दिसतो, परंतु प्रतिमा लहान होते. समजा, आरशाची वक्रतात्रिज्या 1.2 मीटर, म्हणजे नाभीय अंतर 0.6 मीटर आहे. 30 मीटर मागे 3 मीटर उंच ट्रक आहे. सूत्र मांडून पाहा : प्रतिमा आरशामागे सुमारे 0.6 मीटरवर पडते व तिची उंची सुमारे 6 सेंटिमीटर येते. डोळा आरशापासून 0.6 मीटरवर असेल, तर ही प्रतिमा डोळ्यापासून 1.2 मीटरवर झाली. एवढी प्रतिमा पाहून ट्रक 60 मीटरवर असल्याचा भास होतो. तो आपल्यापेक्षा ताशी 36 किलोमीटर अधिक वेगाने, म्हणजे सेकंदाला 10 मीटर जवळ येत असेल, तर हाताशी सहा सेकंद आहेत असे वाटते. प्रत्यक्षात तीनच असतात.

म्हणूनच एका बाजूस सपाट व दुसऱ्या बाजूस बहिर्गोल आरसा लावू नये. एकच ट्रक दोहोंत निरनिराळ्या अंतरावर भासेल. शिवाय आरसा कितीही उत्तम असला तरी बाजूचा काही भाग त्यात येत नाही. वळण्यापूर्वी मान फिरवून एकदा पाहिलेच पाहिजे.

परवाना मिळण्याचे तुमचे वय अद्याप झालेले नाही. परंतु पाहणी तुम्ही आजच करू शकता. घरच्या मोटारसायकलीच्या दोन्ही आरशांत आपला चेहरा सारख्याच आकाराचा दिसतो का व दांडी हलते का, हे पाहा आणि आढळलेली उणीव वडीलधाऱ्यांच्या कानी घाला. वर्गात शिकलेले सूत्र अशा वेळी घराच्या उपयोगी पडते.