होडीतील बैठक : काढावी की राखावी?

मोटारीचे आतील जाजम बदलावयाचे असले म्हणजे कारागीर पहिल्याने बैठकच काढतो. बहुधा चार बोल्ट सैल केले की बैठक मोकळी होते, जाजम सरळ अंथरता येते आणि बैठक पुन्हा जागेवर बसते. हे काम सफाईने करणारे हात आपल्या कॅम्पात आहेत. अलीकडे आपल्या काही कुटुंबांचा मालवण, वेंगुर्ले, गोवा, कारवार या बाजूच्या पर्यटन-धंद्याशी संबंध आला आहे, आणि त्यामुळे लहान फायबरच्या होडीचे जाजम बदलण्याचे कामही अधूनमधून निघते. कारागीर सवयीप्रमाणे तेथेही पान्ह्याला आणि करवतीला हात घालतो. परंतु मोटारीची बैठक आणि होडीची बैठक या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत. हा फरक ध्यानी न घेतल्यास होणारे नुकसान पैशापुरते राहत नाही, कारण त्या होडीत उद्या लेकरेबाळे बसणार असतात.

मोटारीतील बैठक केवळ बसण्यासाठी असते. होडीतील बैठक पुष्कळदा आणखी दोन कामे करीत असते. पहिले काम होडीच्या दोन्ही बाजूंना ताणून धरण्याचे. कारवार व गोव्याकडे काथ्याने फळ्या शिवून होड्या बांधण्याची रीत फार जुनी आहे. याच रीतीने बांधलेले 'कौंडिण्य' नावाचे शिडाचे जहाज २०२५ साली कारवार येथे आपल्या नौदलात दाखल झाले, हे वाचकांनी वर्तमानपत्रांत वाचलेच असेल. लहान लाकडी होडीत या कडेपासून त्या कडेपर्यंत ज्या आडव्या फळ्या असतात, त्यांवर माणसे बसतात खरी, पण त्याच फळ्या होडीचा आकार राखतात. घराच्या तुळया काढून भिंती उभ्या ठेवण्याचा प्रयत्न कोणी करील काय? फायबरच्या लहान होडीत दोन्ही बाजूंस चिकटवून टाकलेली पेटीवजा बैठक असते, तीही हेच काम करते. ती कापली तर होडी किनाऱ्यावर उभी असताना काही दिसत नाही. लाटेवर आपटू लागली म्हणजे बाजू लवू लागतात आणि पुढे सांध्यांना भेगा पडतात.

दुसरे काम याहून महत्त्वाचे. बैठकीच्या पेटीत पुष्कळदा फेस भरलेला असतो. तो गादीचा मऊ स्पंज नव्हे. बंद छिद्रांचा, कडक व फार हलका असा तो पदार्थ असतो. शाळेतला आर्किमिडीजचा नियम येथे आठवावा. एक घनफूट पाण्याचे वजन सुमारे २८ किलो. तेवढ्याच फेसाचे वजन सुमारे एक किलो. म्हणजे बुडालेला एक घनफूट फेस सुमारे २७ किलो भार वर उचलून धरतो. तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद व सव्वा फूट उंच अशा पेटीत साडेचार घनफुटांहून थोडा अधिक फेस मावतो, आणि त्याची उचल सव्वाशे किलोच्या आसपास येते. पाण्यात मानेपर्यंत बुडालेल्या माणसाचे वजन बहुतांशी पाणीच पेलते, त्यामुळे अशा उचलीच्या आधाराने कित्येक माणसे तरंगू शकतात. फायबरचा पत्रा स्वतः पाण्यापेक्षा जड आहे. होडीत पाणी भरले आणि आत फेस नसला, तर ती इंजिनासह तळाशी जाते. अमेरिकेत २० फुटांखालच्या बहुतेक मोटारहोड्या पाणी भरले तरी तरंगत राहिल्या पाहिजेत, असा कायदा १९७० नंतरच्या दशकात झाला, तो याच कारणाने. पेटी उघडून 'आत कचराच भरलाय' म्हणून फेस काढणे, आणि त्या जागी शीतपेयांच्या बाटल्या ठेवण्याची सोय करणे, यापरते घातक काम नाही.

तेव्हा काढावयाचे की नाही, हे ठरवावे कसे? बैठकीच्या बुडाशी नीट पाहावे. स्क्रू किंवा बोल्ट दिसत असतील, आणि बैठक व होडीची बाजू यांत बोटभर फट असेल, तर ती काढण्यासाठीच बसवली आहे, खुशाल काढावी. उलट बैठकीचा फायबर बाजूच्या फायबरमध्ये मिसळून गेला असेल, मध्ये सांधा दिसत नसेल, तर तिला हात लावू नये. जाजम तिच्या पायथ्याशी येऊन थांबले म्हणून काही बिघडत नाही. 'जाजम बैठकीखालून गेले म्हणजे काम पक्के' असे गिऱ्हाईक म्हणते, पण माझे मत उलट आहे. पेटीखाली दबलेले जाजम कधी वाळत नाही. दिव्याची वात तेल ओढते तसे ते पाणी ओढून खालच्या प्लायवूडला पाजत राहते. मशिदीतील चटया, देवळातील सतरंज्या, काश्मिरी शिकाऱ्यातील गालिचे हे सारे सुटे अंथरलेले असतात. उचलावे, झटकावे, वाळवावे. होडीतही सुटे, कडा शिवलेले जाजम घालता आले तर तेच उत्तम. तेथे बैठक काढण्याचा प्रश्नच उरत नाही.

काढण्याजोगी बैठक काढताना आधी बॅटरीची तार सोडवावी व पेट्रोलची टाकी बाहेर न्यावी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते; ती होडीच्या तळाशी साचून राहते, आणि कापण्याच्या यंत्राची एक ठिणगी तिला पुरते. तसेच बैठकीखालून नळी किंवा वायर गेली आहे का, हे हात घालून पाहावे. स्क्रू फिरवताना तो नुसताच गोल फिरू लागला, पकड लागेना, तर खालचे लाकूड कुजले असे समजावे. शेजारी टोच्या रोवून पाहावा. लोण्यात सुरी जावी तसा तो गेला, तर काम जाजमाचे राहिले नाही, तळाच्या फळीचे झाले. अशा वेळी गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे, वरून नवे जाजम चिकटवून दोष झाकू नये. फळी बदलताना 'आय. एस. ७१०' शिक्क्याचे मरीन प्लायवूड घ्यावे व त्याच्या कापलेल्या कडा राळेने पुऱ्या बंद कराव्यात. पाणी शिरते ते कडेतूनच.

आणखी एक अडचण ऋतूची. पर्यटनाच्या होड्या पावसाळ्यात बंद असतात, म्हणून मालक नेमके आषाढ-श्रावणात काम काढतो. आपल्या बेळगावच्या त्या दिवसांतल्या दमट हवेत ओले लाकूड वाळत नाही, आणि ओल्या लाकडाला राळ धरत नाही. दिवाळीपर्यंत सारे सुटून येते. काम शक्यतो मार्च-एप्रिलात, निदान बंद खोलीत पंखे लावून लाकूड आठ-दहा दिवस वाळवून मगच करावे.

फेस जुना असेल तर त्याचीही परीक्षा करावी. पेटीच्या खालच्या कोपऱ्यातून बोटाएवढा तुकडा कापून हातात दाबावा. पाणी निघाले, किंवा तुकडा आकाराच्या मानाने जड वाटला, तर तो फेस भिजून निकामी झाला आहे; काढला तितकाच नवा, बंद छिद्रांचा फेस परत भरलाच पाहिजे.

बैठक परत बसवताना जुनी भोके थोडी मोठी करून राळेने बुजवावीत, ती कडक झाली की मधोमध नवे बारीक भोक पाडावे. म्हणजे स्क्रू राळेत बसतो, लाकडाला पाणी लागत नाही. जेथे बैठकीचे बूड टेकते तेवढे जाजम कापून काढावे आणि बूड उघड्या तळावर सीलंट लावून बसवावे. स्क्रू गंज न धरणारे असावेत. शेवटी होडी थोडी मागे कलती ठेवून पुढच्या टोकाशी दोन बादल्या पाणी ओतावे. ते वाटेत कोठे न तुंबता मागच्या बुचाच्या भोकातून बाहेर आले पाहिजे. तुंबले, तर जाजमाने वाट अडवली आहे. तेवढा भाग उचलून पुन्हा कापावा आणि पुन्हा पाणी ओतून पाहावे.